घरचा मेल, दुकानचा मेल : जीमेलमधली 'पॉप'ची सोय जाते आहे, आता जुळवाजुळव कशी करायची?

गेल्या खरिपात काकांचा जिंतूरहून फोन आला, तेव्हा मी पुण्यात ऑफिसमध्ये होतो. मागे दुकानातला गोंगाट ऐकू येत होता. "अरे, तो मेल गेला कुठं? तूच लावून दिलं होतंस ना समदं?" काकांचा आवाज चढत नाही सहसा. त्या दिवशी चढला होता.

काकांचं जिंतूरला कृषी सेवा केंद्र आहे. घर मात्र परभणीला. मध्ये चाळीसेक किलोमीटरचा रस्ता. दिवसभर दुकानात काका, आणि हिशोब, जीएसटी, कंपन्यांशी पत्रव्यवहार हे सगळं घरी बसून बघते माझी चुलत बहीण, म्हणजे ताई. दुकानात एक कॉम्प्युटर, घरी एक कॉम्प्युटर, मेलचा पत्ता एकच. ही व्यवस्था २०१८ साली मी लावून दिली होती. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो, सुट्टीत आलो होतो आणि घरात 'कॉम्प्युटरवाला' म्हणून माझा मान होता.

फोन आला त्या दिवशी दुकानात गुणनियंत्रण निरीक्षक तपासणीला आले होते. बियाणं विकणाऱ्याकडे त्या त्या कंपनीचं उगम प्रमाणपत्र असावं लागतं. तीन कंपन्यांची प्रमाणपत्रं हवी होती. एकाची प्रिंट फाइलला होती. दुसरं ताईला घरच्या जीमेलमध्ये सापडलं. तिसरं कुठेच नाही. ते आलं होतं हे नक्की, कारण काकांनी स्वतः उघडून वाचलं होतं. पण वाचलं होतं दुकानातल्या कॉम्प्युटरवर, आणि आठवड्यापूर्वीच्या विजांच्या पावसात त्या कॉम्प्युटरची हार्डडिस्क गेली होती.

त्या एका लॉटला विक्री बंद आदेश लागला. कंपनीचा माणूस दौऱ्यावर होता, प्रमाणपत्र पुन्हा मिळायला चौथा दिवस उजाडला. मधल्या काळात चांगला पाऊस झाला आणि लोकांनी पेरणी उरकली. पेरणीला आलेला माणूस थांबत नसतो. तो शेजारच्या दुकानात जातो. चूक निरीक्षकांची नव्हती, कंपनीचीही नव्हती. चूक माझी होती, सात वर्षांपूर्वी लावलेल्या एका टिकची.

हे आज सांगायचं कारण म्हणजे एक बातमी. वरवर पाहता ती फार तांत्रिक वाटते, म्हणून मराठीत तिच्यावर फारशी चर्चा झाली नाही. पण काकांसारखी मेलची व्यवस्था ज्या ज्या दुकानात, सीएच्या ऑफिसात, शाळेत आणि पतसंस्थेत आहे, त्या सगळ्यांना ती लागू होते.

बातमी नेमकी काय आहे?

जीमेल कॉम्प्युटरवर उघडून सेटिंगमध्ये गेलात, तर 'इतर खात्यांमधला मेल तपासा' अशी एक सोय दिसायची. समजा तुमच्या दुकानाचा किंवा संस्थेचा मेल दुसऱ्या कुठल्या तरी होस्टिंगवर आहे. त्याचा पासवर्ड तुम्ही जीमेलला दिलात की जीमेल अधूनमधून तिकडे जाऊन नवे मेल आणून तुमच्या इनबॉक्समध्ये टाकायचं. घरी वेगळं काही बसवायला नको, जीमेल उघडलं की दुकानाचे मेल समोर.

गुगलने जाहीर केलं होतं की २०२६ पासून ही सोय काढून घेतली जाणार. तिच्यासोबत 'जीमेलिफाय' नावाची सोयसुद्धा जाणार. त्यात याहू, आउटलुक डॉट कॉम अशा खात्यांना जीमेलची स्पॅम-गाळणी आणि वर्गवारी मिळायची. एखाद्याच्या खात्यातून ही सोय आधी जाईल, एखाद्याच्या खात्यातून थोडी नंतर. पण नवी व्यवस्था लावायची तर ती जाण्याची वाट बघण्यात अर्थ नाही.

इथे दोन गैरसमज आधीच दूर करतो. पहिला : याआधी जीमेलमध्ये आलेले मेल कुठे जात नाहीत, ते तिथेच राहतात. फक्त नवे येणं थांबेल. दुसरा : तुमचा पत्ता मुळातच जीमेलचा असेल आणि तो तुम्ही आउटलुक किंवा थंडरबर्डमध्ये वाचत असाल, तर ही बातमी तुमच्यासाठी नाही. जीमेलमधून बाहेर मेल नेण्याची वाट चालूच आहे. बंद होतेय ती बाहेरचा मेल जीमेलच्या पोटात ओढण्याची वाट.

धोका असा आहे की ती बंद झाल्यावर काही मोडल्यासारखं दिसत नाही. जीमेल उघडतं, जुने मेल दिसतात, फक्त नवे येत नाहीत. घरी बसलेल्या माणसाला वाटतं, आज काही मेलच नाही.

पेटीतले पैसे आणि पासबुक

आता मुळाशी जाऊ. कॉम्प्युटरने सर्व्हरवरचा मेल कसा वाचायचा याच्या दोन जुन्या पद्धती आहेत : पॉप आणि आयमॅप.

पॉप म्हणजे पोस्ट ऑफिस प्रोटोकॉल. याची पहिली आवृत्ती १९८४ची, आणि आज वापरात असलेल्या तिसऱ्या आवृत्तीचं सध्याचं प्रमाण १९९६चं. त्या काळात डायल-अप जोडणीला मिनिटामिनिटाचे पैसे पडायचे. म्हणून कल्पना साधी होती : जोडणी करा, सगळे मेल कॉम्प्युटरवर उतरवून घ्या, सर्व्हरवरून पुसा आणि फोन ठेवा. एका माणसाचा एकच कॉम्प्युटर, हे त्यात गृहीतच धरलेलं होतं.

आयमॅप १९८६ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात मार्क क्रिस्पिन यांनी तयार केलं. त्यांचा विचार उलटा होता. मेल सर्व्हरवरच राहील, वाचणारे कितीही असोत. कुठला मेल वाचला, कुठल्याला उत्तर दिलं, कुठला कोणत्या फोल्डरमध्ये ठेवला, ही सगळी नोंद सर्व्हरवर. प्रत्येक कॉम्प्युटर फक्त त्या नोंदीची प्रत जवळ ठेवतो आणि वेळोवेळी जुळवून घेतो. आज सगळीकडे चालणारी आवृत्ती २००३ची, आणि तिची सुधारित आवृत्ती २०२१ची.

काकांना मी हे बँकेच्या भाषेत सांगितलं. पॉप म्हणजे बँकेतून सगळे पैसे काढून घरच्या पेटीत ठेवणं. पेटी जळाली तर पैसे गेले. आयमॅप म्हणजे पैसे बँकेत आणि हातात पासबुक. एक पासबुक दुकानात, एक घरी. हरवलं तर नवं छापून मिळतं, कारण खरा हिशोब बँकेत आहे. काका म्हणाले, "मग तू पेटीचं कशाला लावलं होतंस?"

प्रश्न बरोबर होता.

मग २०१८ साली मी काय करून ठेवलं होतं?

दुकानाच्या वेबसाइटसोबत मेलचा पत्ता मिळाला होता आणि त्याची जागा होती फार तर काही शे एमबी. कंपन्यांच्या दरपत्रकांनी ती महिन्याभरात भरायची आणि नवे मेल परत जायचे. म्हणून मी दुकानातल्या आउटलुकमध्ये पॉप लावलं आणि 'सर्व्हरवर प्रत ठेवा' ही टिक काढून टाकली. मेल उतरला की सर्व्हर रिकामा. जागेचा प्रश्न मिटला म्हणून मी खूश.

वर्षभराने ताईला घरूनही मेल बघायचा होता. मी तिच्या जीमेलमध्ये तीच 'इतर खात्यांमधला मेल तपासा' सोय लावली. तिथेही प्रत ठेवण्याची चौकट असते, आणि मुद्दाम टिक केली नाही तर जीमेलसुद्धा मेल उचलून सर्व्हरवरून पुसतं.

म्हणजे एक डबा आणि त्याला दोन हात. दुकानातलं आउटलुक दर दहा मिनिटांनी यायचं, जीमेल त्याच्या मर्जीने यायचं, आणि जो आधी पोहोचेल त्याला मेल. दुकान बंद असताना आलेले मेल घरी, दुकान उघडं असताना आलेले बहुतेक दुकानात. ताईला अर्धे दिसायचे, काकांना अर्धे. दोघंही आपापल्या ठिकाणी समजत होते की सगळे दिसताहेत. कधीमधी आउटलुक 'मेलबॉक्स वापरात आहे' असा एरर द्यायचं, कारण पॉपमध्ये एकाने डबा उघडला की तो बंद करेपर्यंत दुसऱ्याला आत येता येत नाही. तो एरर आम्ही कुणी मनावर घेतला नाही.

पाठवलेल्या मेलची तर वेगळीच गंमत. पॉप फक्त आलेला मेल उतरवतं. दुकानातून दिलेलं उत्तर दुकानातल्याच कॉम्प्युटरवर राहायचं. ताई कंपनीला विचारायची, "आमच्या ऑर्डरचं काय?" आणि तिकडून यायचं, "ती तर तुम्हीच परवा रद्द केलीत."

तुमच्याकडे असं काही चालू असेल तर लक्षणं ही : मेल एका ठिकाणी दिसतो आणि दुसरीकडे नाही, वाचलेला मेल दुसरीकडे न वाचलेला दिसतो, पाठवलेलं सापडत नाही, आणि अधूनमधून 'लॉक'चा एरर. यातली दोन लक्षणं जुळली तरी सेटिंग उघडून बघा.

दोन्हीकडे 'प्रत ठेवा' टिक केली तर? मग मेल दोन्हीकडे पोहोचतील, कारण प्रत्येक मेलला सर्व्हर एक खूण देतो आणि कोणती खूण आपण आधी उतरवली हे प्रत्येक कॉम्प्युटर लक्षात ठेवतो. पण वाचलं-न वाचलं, उत्तर दिलं-न दिलं, पाठवलेलं, पुसलेलं, यातलं काहीच जुळणार नाही. शिवाय डबा भरतच राहणार.

गुगल हे का करतंय?

गुगलने कारणांचा फार पाढा वाचलेला नाही. पण गेल्या काही वर्षांतली पावलं पाहिली की दिशा कळते.

जुनी पद्धत अशी की तुम्ही तुमचा खरा पासवर्ड मेल ॲपला द्यायचा आणि ॲप तो दर वेळी सर्व्हरला दाखवणार. तो पासवर्ड कुठे तरी साठवून ठेवावा लागतो. ज्याच्या हाती लागला त्याला सगळं खातं मोकळं. ओटीपी नाही, काही नाही. म्हणून मोठ्या कंपन्यांनी हे बंद करत आणलं. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२२ पासून कंपन्यांच्या खात्यांसाठी साधा पासवर्ड-प्रवेश बंद करायला घेतला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये आउटलुक डॉट कॉमच्या वैयक्तिक खात्यांसाठीही केला. गुगलने वैयक्तिक खात्यांसाठी तो मे २०२२ मध्ये बंद केला, आणि २०२५ मध्ये कंपन्या-संस्थांच्या खात्यांसाठीही. आता ॲप तुम्हाला गुगलच्या पानावर नेतं, तिथे तुम्ही लॉगिन करता आणि ॲपला पासवर्डऐवजी एक परवाना मिळतो. तो हवा तेव्हा रद्द करता येतो. या पद्धतीला ओऑथ म्हणतात.

जीमेलची पॉप सोय या सगळ्याच्या उलट होती. त्यात दुसऱ्या कंपनीच्या खात्याचा खरा पासवर्ड गुगलकडे ठेवावा लागायचा. तेव्हा तर्क मला पटतो. तक्रार आहे ती वेगळी. शहरातल्या मोठ्या कंपनीत असे बदल आयटी विभाग सांभाळतो, कर्मचाऱ्याला पत्ताही लागत नाही. जिंतूर-सेलू-मानवतच्या दुकानात आयटी विभाग म्हणजे सुट्टीत आलेला पुतण्या. बदलाची सूचना येते ती इंग्रजी मदत-पानावर. ती वाचायला तिथे कुणी नसतं.

झोहोची हवा आणि सरकारी मेल

२०२५च्या ऑक्टोबरमध्ये केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांनी आपला मेल झोहोवर नेल्याचं जाहीर केलं आणि अचानक सगळीकडे झोहोची चर्चा सुरू झाली. त्याआधीच राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र, म्हणजे एनआयसीच्या व्यवस्थेतले केंद्र सरकारच्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांचे मेल झोहोच्या व्यवस्थेवर गेले होते. पत्ते तेच राहिले, मागचा सर्व्हर बदलला. आपल्या विषयासाठी महत्त्वाची गोष्ट इथे आहे : पत्ता आणि साठवण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डोमेन तुमचं असेल तर पत्ता न बदलता तुम्ही सर्व्हर बदलू शकता. लाखो खात्यांचं होऊ शकतं तर एका दुकानाचंही होतं.

मला हल्ली परभणीतून दोघा-तिघांनी विचारलं, "आम्ही पण झोहोवर जाऊ का?" माझं उत्तर : जा, चांगलं आहे, पण एक बघून जा. स्वतःच्या डोमेनसाठीचा त्यांचा फुकट प्लॅन ब्राउझर आणि मोबाइल ॲपपुरता असतो. आउटलुक किंवा थंडरबर्डमध्ये आयमॅप लावायचं तर पैसे भरायचा प्लॅन लागतो. ब्राउझरमध्येच काम करणार असाल तर काही हरकत नाही. उलट घर आणि दुकान जुळवायचा तो सगळ्यात सोपा मार्ग आहे, कारण जुळवायला काही उरतच नाही.

पर्याय तीन, कुणी कोणता घ्यावा?

पहिला : फॉरवर्डिंग. होस्टिंगच्या पॅनलमध्ये जाऊन 'येणारा प्रत्येक मेल अमुक जीमेलवर पाठव' असं लावायचं आणि मूळ प्रत ठेवायची. पाच मिनिटांत होतं. पण यात एक मेख आहे. जीमेल तपासतं की मेल ज्याच्या नावाने आलाय त्याच्याच सर्व्हरवरून आलाय का. फॉरवर्ड केलेला मेल तुमच्या होस्टिंगच्या सर्व्हरवरून येतो, कंपनीच्या नाही. मूळ मेलवर कंपनीची डिजिटल सही शाबूत असेल तर तो तरतो, नसेल तर स्पॅममध्ये जाऊ शकतो. शिवाय फॉरवर्ड झालेला मेल घरी वाचला तरी दुकानात तो न वाचलेलाच. म्हणून हा पर्याय फक्त 'घरी नजर असावी' एवढ्यापुरता. बँक, जीएसटी, प्रमाणपत्रं यांच्यासाठी यावर विसंबू नका.

दुसरा : दोन्हीकडे आयमॅप. सर्व्हर तोच, पण दुकानात, घरी आणि मोबाइलवर तिन्हीकडे आयमॅपने खातं जोडायचं. मोबाइलच्या जीमेल ॲपमध्ये बाहेरचं आयमॅप खातं जोडता येतं. अट एकच : सर्व्हरवर पुरेशी जागा हवी. काकांसाठी आम्ही हेच केलं, जागा वाढवून घेतली आणि दोन्ही कॉम्प्युटरवर थंडरबर्ड बसवलं.

तिसरा : सगळा मेल मोठ्या सेवेवर नेणं. गुगल, मायक्रोसॉफ्ट, झोहो, कुणीही. डोमेनच्या एमएक्स नोंदी बदलाव्या लागतात, दरमहा खर्च आहे, पण स्पॅम-गाळणी आणि सुरक्षितता चांगली मिळते. चार-पाच माणसं मेल वापरत असतील तर हाच बरा.

जागा किती लागेल याचा अंदाज स्वतःच काढा. धरून चालू की दिवसाला ३० मेल येतात आणि सरासरी एक मेल २०० केबीचा. म्हणजे दिवसाला ६ एमबी, वर्षाला साधारण सव्वादोन जीबी. जीमेलचे फुकटचे १५ जीबी साडेसहा-सात वर्षांत भरतील, आणि त्यात फोटो आणि ड्राइव्हचाही वाटा असतो हे विसरू नका.

प्रत्यक्ष लावताना

क्रम महत्त्वाचा आहे. आमच्यासारखं आधी नवं जोडून मग जुनं बघू, असं करू नका.

१. सगळ्यात आधी गळती थांबवा. दुकानातल्या आउटलुकमध्ये आणि घरच्या जीमेलमध्ये दोन्हीकडे 'सर्व्हरवर प्रत ठेवा' ही टिक करा. आता निदान नवा मेल पळणार नाही.

२. जुन्या कॉम्प्युटरवरच्या मेलची प्रत पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्डडिस्कवर घ्या. आउटलुकमध्ये पॉपचा मेल सहसा पीएसटी फाइलमध्ये असतो. हे झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

३. खातं आयमॅप म्हणून नव्याने जोडा. जुनं पॉप खातं लगेच काढू नका. आयमॅपचा सुरक्षित पोर्ट ९९३, पाठवण्यासाठी ४६५ किंवा ५८७. सर्व्हरचं नाव होस्टिंगवाल्याकडून घ्या. जीमेलचा पत्ता असेल तर वैयक्तिक खात्यात आयमॅप आता कायम चालूच असतं, वेगळं सुरू करावं लागत नाही. ॲप ओऑथ ओळखत नसेल तर दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करून १६ अक्षरी ॲप पासवर्ड घ्या.

४. जुने मेल आयमॅपच्या फोल्डरमध्ये ओढून टाका, म्हणजे ते सर्व्हरवर चढतील आणि दोन्हीकडे दिसतील. थोडे थोडे टाका. जीमेलवर आयमॅपने दिवसाला ५०० एमबी चढवता येतं आणि २५०० एमबी उतरवता येतं. त्यापलीकडे गेलात तर खातं काही वेळ थांबतं. घाबरू नका, दुसऱ्या दिवशी पुढे चालू करा.

५. 'पाठवलेले', 'मसुदे' आणि 'कचरा' हे फोल्डर सर्व्हरवरच्या फोल्डरांशी जोडले गेलेत का ते तपासा. हे बहुतेक जण विसरतात. जीमेलच्या बाबतीत पाठवलेल्या मेलची प्रत गुगल स्वतःच ठेवतं, म्हणून थंडरबर्डमधला प्रत ठेवायचा पर्याय बंद करा, नाहीतर प्रत्येक उत्तर दोनदा दिसेल.

६. सगळं जुळलं की मगच पॉप खाती काढा.

नंतर पाच मिनिटांची चाचणी करा. मोबाइलवरून दुकानाच्या पत्त्यावर एक मेल पाठवा. दुकानात वाचा, घरी तो वाचलेला दिसला पाहिजे. घरून उत्तर द्या. ते दुकानात 'पाठवलेले'मध्ये दिसलं पाहिजे. दुकानात एक फोल्डर करून मेल त्यात टाका. घरी तो तिथेच गेलेला दिसला पाहिजे. तिन्ही झालं तर तुमचं काम झालं.

आपल्याकडची जोडणी कधी आहे, कधी नाही. यात आयमॅप उलट उपयोगी पडतं. ते आधी फक्त मेलचा मथळा उतरवू शकतं, अटॅचमेंट मागितली तरच आणतं. वीज किंवा नेट गेलं तर जवळच्या प्रतीवर काम चालू राहतं, आणि जोडणी आली की मधले बदल सर्व्हरशी जुळवले जातात.

नवं आउटलुक वापरणाऱ्यांसाठी एक सूचना. विंडोजमधलं जुनं 'मेल' ॲप मायक्रोसॉफ्टने ३१ डिसेंबर २०२४ ला बंद केलं आणि लोकांना नव्या आउटलुककडे नेलं. यात तुम्ही दुसऱ्या कंपनीचं आयमॅप खातं जोडलंत तर तुमचे मेल मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवरही साठवले जातात. चालत असेल तर चालेल, पण माहीत असून करा.

जुळणं म्हणजे बॅकअप नव्हे

हा मुद्दा मी ताईला दोनदा सांगितला आणि इथेही ठळक सांगतो. आयमॅपमध्ये एकीकडे पुसलेलं सगळीकडून पुसलं जातं. पॉपमध्ये पेटी जळण्याची भीती होती, इथे एका चुकीच्या क्लिकची आहे. दुकानातल्या नव्या पोराने 'जागा मोकळी करतो' म्हणून २०२३चं फोल्डर उडवलं, तर घरचंही गेलं.

जीएसटी कायद्याप्रमाणे हिशोबाची कागदपत्रं त्या वर्षाचं वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात. तुमची अर्धी बिलं मेलमध्येच येत असतील, तर मेल हाही हिशोबाचा कागदच झाला. म्हणून दर तीन महिन्यांनी थंडरबर्डमधल्या 'लोकल फोल्डर'मध्ये किंवा बाहेरच्या हार्डडिस्कवर एक प्रत काढा. जीमेलवाल्यांना गुगल टेकआउटमधून सगळा मेल एका फाइलमध्ये मिळतो. आणि परवाने, प्रमाणपत्रं अशी मोजकी कागदपत्रं मेलमध्ये ठेवूच नका. आली की पीडीएफ वेगळ्या फोल्डरमध्ये आणि एक प्रिंट फाइलला.

नोकरदारांसाठी : ऑफिसचा मेल घरी आणावा का?

आतापर्यंत बोललो ते स्वतःच्या धंद्याच्या मेलबद्दल. नोकरी करत असाल तर प्रश्न वेगळा आहे, कारण तो मेल तुमचा नाही, ऑफिसचा आहे. माझ्या कंपनीत घरच्या कॉम्प्युटरवर मेल ॲप जोडताच येत नाही, आणि मला ते बरोबर वाटतं. सरकारी कर्मचाऱ्यांसाठी केंद्राचं ईमेल धोरण सरकारी कामासाठी खासगी मेल सेवा वापरू नका असंच सांगतं. तरीही 'घरून बघायला सोपं' म्हणून सरकारी किंवा संस्थेचा मेल स्वतःच्या जीमेलवर वळवणारे मी पाहिलेत. त्यात लोकांचे आधार क्रमांक असतात, मुलांच्या गुणपत्रिका असतात. घरचा कॉम्प्युटर घरातले सगळे वापरतात. अशा वेळी ऑफिसने दिलेल्या ब्राउझर-लॉगिनवरूनच बघा, 'मला लक्षात ठेव'वर टिक करू नका आणि काम झालं की लॉगआउट करा.

शेवटी

'जगात जर्मनी, भारतात परभणी' असं आपण गमतीने म्हणतो. पण एक गोष्ट खरी आहे. गुगलच्या ऑफिसात घेतलेला एक निर्णय जिंतूरच्या दुकानातल्या मेलपर्यंत पोहोचतो, तेही कुणी सांगायला न येता. अशा व्यवस्था कुठल्या तरी पुतण्याने, भाच्याने, शेजारच्या कॉम्प्युटर क्लासवाल्याने कधीकाळी लावून दिलेल्या असतात, आणि चालताहेत म्हणून कुणी उघडून बघत नाही.

तुम्ही तो पुतण्या असाल, तर या वेळी गावी गेलात की चहा होईपर्यंत दुकानातल्या मेलचं सेटिंग उघडा. पॉप दिसलं तर वरचा क्रम सुरू करा. आणि तुम्ही काका असाल, तर त्याला फोन करून एवढंच विचारा : "आपलं पेटीचं आहे का पासबुकाचं?"

मी या दिवाळीत आमचं तपासून आलो. ताईने माझ्यासमोर दुकानातून मेल पाठवायला लावला, घरी फोन लावून आईकडून तो दिसतोय का बघितलं, आणि मगच मला फराळ दिला.